बिघडण्याची मुदत

पातूरच्या बाजूला गिट्टीच्या खदानीवर आमचे तीन डंपर चालतात. त्यातल्या दोन नंबरच्या डंपरचा गिअरबॉक्स गेल्या उन्हाळ्यात बिघडला. चूक त्याचीच. बिघडायला त्याला अजून आठशे तासांचा अवकाश होता.

हे तास ठरवले माझ्या विपुलने. तो अमरावतीच्या हॉटेलात दोन दिवसांचं प्रशिक्षण घेऊन आला आणि डंपरमालकांची समिती काढून तिचा सचिव झाला. समितीने प्रत्येक डंपरला कार्ड दिलं. दहा हजार तास झाले की इंजिन खोलायचं, साडेदहा हजारांवर गिअरबॉक्स उतरवायचा. आधी नाही, नंतर नाही. कार्ड मोडलं की खदानीचं फाटक बंद. आमचे मालक, म्हणजे विपुलचे वडील पंजाबराव, होते तेव्हा पान्याचं टोक लोखंडाला आणि मूठ कानाला लावून दुखणं ओळखत. पण कानावर शिक्का मारता येत नाही, म्हणून ती पद्धत रद्द झाली.

दोन नंबरवर शालिकराम. एकवीस वर्षं आमच्याकडे डायवर.

"बाई, भरल्या गाडीत उतारावर गिअर सटकून राह्यला. एखाद दिवशी मले घेऊनच जाईन."

"नऊ हजार सातशेच झाले, भाऊ," विपुल कार्ड पाहत म्हणाला. "एवढ्यात नाही सटकत."

"मंग त्याले वाचून दाखवा ना ते कारड."

"काहून रे," मी म्हटलं, "डंपर माहा, पाने माहे. आजच्या आज खोल!"

"आई, मुदतीआधी खोलणं म्हणजे यंत्रावर अविश्वास. कलम चार."

मग समितीने तोडगा काढला. राहिलेले तास भरून घ्यावेत. डंपर अंगणात उभा करून इंजिन अखंड चालू ठेवण्यात आलं. गाडी जागची हलली नाही, मीटर मात्र पळत होतं. शेजारच्या जाईबाईच्या वाळवणाच्या कुरड्या धुराने काळ्या झाल्या. त्याही कार्यवाहीत सामील असल्याचं तिला कळवलं.

तेराव्या दिवशी दहा हजार तास भरले, म्हणजे आधी पाळी आली इंजिनाची. इंजिन ठणठणीत होतं. मिस्त्री हात जोडून म्हणाला, "बाई, याचा गुन्हा काय?" पण पाळी ती पाळी. चांगलं इंजिन खोललं, नवे भाग घातले, आणि नव्या इंजिनाचं मीटर नियमाने शून्यावर आणलं.

मीटर गाडीला एकच. म्हणजे गिअरबॉक्सही शून्यावर आला. नवा कोरा, हात न लावता.

विपुलने शालिकरामपुढे पेढा धरला. "भाऊ, आता साडेदहा हजार तास निवांत."

"पेढा ठेवा. मी नाई जात."

"मंग इपुल बसन तुमच्या बाजूले," मी म्हटलं. "कारडावर भरोसा त्याचा हाय."

बसला बापडा, कार्ड मांडीवर घेऊन. भरल्या गाडीत उतारावर गिअर सटकला. नुसत्या ब्रेकला एवढा भार झेपेना. शालिकरामने डंपर गिट्टीच्या ढिगात घातला म्हणून दोघे वाचले. मी धावत पोचले तर विपुलच्या तोंडातून रक्त, समोरचा दात गेलेला, आणि तो फोनवर समितीला सांगत होता, "मीटरवर तीन तास. म्हणून बिघाड झालेला नाही. फक्त आम्ही ढिगात आहोत."

चौकशी रीतसर झाली. इंजिन नवं, गिअरबॉक्स नवा, राहिलं कोण? निष्कर्ष असा: "सदर चालकास एकवीस वर्षांत एकदाही खोलण्यात आलेले नाही. सबब चालक उतरवावा." खाली मालकीण म्हणून माझी सही आहे. सही होईपर्यंत बाकीचे दोन डंपर फाटकाबाहेर तापत उभे होते.

शालिकरामने डबा उचलला. "बाई, मले खोलून पाह्यलं असतं तं आतून त्या गिअरबॉक्सचाच आवाज निंगाला असता." गेला. दोन नंबर आता नवा डायवर चालवतो. त्याला ऐकू कमी येतं. समितीला तो पसंत आहे.

विपुलचं नाव झालं. अकोला-अमरावती करणाऱ्या एका ट्रॅव्हल्सवाल्याने त्याला बोलावलं, तिथल्या सगळ्या बसगाड्यांना कार्डं लागली. परवा मीही त्यातून आले. खालून करकर आवाज येत होता. बसमध्ये चाळीस माणसं, सगळी शिकलेली. एकाने मान वर केली, समोर टांगलेलं कार्ड पाहिलं, आणि कानात गाणी घालून डोळे मिटले.

ते तुम्हीच होतात ना? समितीत एक जागा रिकामी आहे.