भाकरीला गोवर

मल्लिनाथअण्णा मोबाइलला शिव्या द्यायचे. मोबाइलवरून नव्हे, मोबाइललाच. जेवायला बसले की तो पाण्याच्या तांब्याला टेकवायचा, चोरीला गेलेला एखादा व्हिडिओ लावायचा आणि सुरू. मी वैरागहून शिकायला सोलापुरात आलो आणि नवी पेठेमागच्या गल्लीत त्यांच्या वरच्या खोलीत भाड्यानं राहिलो. पहिल्या दिवशी मला वाटलं, खाली भाऊबंद जमलेत आणि वाटणी चाललीय.

अण्णांनी जन्मभर लग्नांचं शूटिंग केलं. उतारवयात ते बायकोचे, शरणव्वाकाकूंचे व्हिडिओ काढू लागले. काकू शेंगाचटणी कुटायच्या, भाकरी थापायच्या आणि अर्ध्या कानडीत, अर्ध्या मराठीत बोलत राहायच्या. सून, शेजारीण, गुडघे, सगळं त्यात यायचं. लोकांना ते आवडायचं. मग एका मोठ्या चॅनेलनं तेच व्हिडिओ उचलले. काकूंचा आवाज काढून टाकला, वर बासरी लावली आणि खाली स्वतःचं नाव.

काकू एवढंच म्हणाल्या, "आवाज चांगला नसंल माजा. म्हणून काढला की." त्यानंतर त्या कॅमेऱ्यापुढे बसल्या नाहीत. घरातलं बोलणंही कमी झालं.

अण्णांनी सूड घेतला तो स्वतःच्याच व्हिडिओंवर. प्रत्येकावर आडवं, लाल अक्षरात लिहिलं, 'चोरांनो, हे मल्लिनाथचं हाय.' त्यातलं 'चोरांनो' बरोबर काकूंच्या तोंडावर यायचं. कुणी तक्रार केली की अण्णांचं उत्तर तयार असायचं, "तुला भाकरी बघायचीय का चोरायचीय?"

मी कॉम्प्युटर शिकतो. आमच्या घरात कॉलेज पाहिलेला मीच पहिला, त्यामुळे 'मला येतं' म्हणायला अजून जीभ रेटत नाही. तरी चाचरत सांगितलं, की चित्रातल्या ठिपक्यांचा उजेड किंचित कमीजास्त केला की नाव आत लपवता येतं. डोळ्याला दिसत नाही, प्रोग्रॅमला वाचता येतं. अण्णांनी कधीच न टाकलेला एक जुना व्हिडिओ माझ्या हवाली केला.

नाव हलकं लपवलं, तर व्हिडिओ मोबाइलवरून पाठवताना ते पुसलं जायचं. जोरात लपवलं, तर पांढऱ्याशुभ्र भाकरीवर बारीक ठिपके उठायचे. अण्णा स्क्रीनला नाक लावून बघायचे.

"भाकरीला गोवर आलाय की बे. चोरानं नासवायच्या आधी तूच नासव."

मला राग यायचा. अण्णांचा, त्या चॅनेलचा, सगळ्यात जास्त माझा.

शेवटी चित्रात जिथे आधीच गजबज आहे, तिथे नाव जोरात टाकलं. चटणीच्या भरडीत, इरकल साडीच्या काठात, चुलीमागच्या खडबडीत भिंतीत. भाकरी आणि काकूंचा चेहरा मोकळा ठेवला. अण्णांनी पुन्हा नाक लावलं. "हं," म्हणाले. शिवी नव्हती.

व्हिडिओ टाकला. चॅनेलनं तोही उचलला, कडा कापल्या, आवाज काढला, बासरी लावली. मी त्या चोरीच्या व्हिडिओवर प्रोग्रॅम चालवला. स्क्रीनवर हळूहळू अक्षरं उमटली : मल्लिनाथ. आता पुराव्यासकट तक्रार करता येणार होती. मी उडी मारायच्या बेतात होतो.

अण्णांचा चेहरा मात्र आधी उतरला, मग तापला.

"हे कुणाचं नाव घातलंस बे?"

"तुमचंच. तुम्हीच सांगितलं होतं की."

"भाकरी मी थापली व्हय? मी निस्ता कॅमेरा धरला. मग त्या चोरात आन् माझ्यात फरक काय?"

त्या दिवशीच्या शिव्या मोबाइलला नव्हत्या.

तक्रार गेली, चॅनेलवरून तो व्हिडिओ उतरला. पण अण्णांचं समाधान होईना. काकूंचे सगळे जुने व्हिडिओ मला पुन्हा करायला लावले. लाल अक्षरं गेली आणि आत 'शरणव्वा' लपलं. मग लॅपटॉप घेऊन आम्ही स्वयंपाकघरात गेलो. काकू परातीपाशी बसल्या होत्या. त्यांच्याच साडीच्या काठातून त्यांचं नाव वर आलं. त्यांनी पिठाचे हात पदराला पुसले.

"अय्य, माजं? आन् तुमचं कुटं गेलं?"

"कॅमेरावाल्याचं नाव कशाला लागतंय?" अण्णा खेकसले. मग आवाज खाली आला. "आता कुणी आवाज काढला तरी तू कोण ते निघतंय. तू बोल."

काकूंनी पुन्हा पिठात हात घातला. मग गुडघ्यांपासून सुरुवात केली.

मला वाटलं, अण्णा कॅमेरा लावतील. त्यांनी तांब्याला टेकवलेला मोबाइल उपडा घातला आणि मांडी घालून ऐकत बसले.