टोकेरावांची हलकी गाडी

एका जंगलात मोटारींच्या शर्यतीचा क्लब होता. रस्ता नव्हता, पण क्लब होता. हसू नका रे. आधी क्लब काढायचा आणि मग रस्ता शोधायचा, ही जंगलाची जुनी रीत आहे.

या क्लबात टोकेराव नावाचं एक साळिंदर होतं. टोकेरावांकडे लाल रंगाची, बेडकासारखी बसकी, दोन सीटांची स्पोर्ट्‌स कार होती. आठवडाभर ते कंद उकरायचे आणि रविवारी शर्यतीत शेवटचे यायचे.

यंदा क्लबाने फतवा काढला. येत्या रविवारी जो शेवटचा येईल, त्याचं नाव क्लबातून खोडायचं.

टोकेरावांनी त्या दिवशी कंदाला हातही लावला नाही. का, ते सांगते. क्लबाचे अध्यक्ष होते बिबटेसाहेब. चांगला ठिपकेदार, दातवाला बिबट्या! आणि हा बिबट्या क्लबात टोकेरावांना म्हणायचा, "अहो टोकेराव, या, कसं काय?" टोकेरावांना वाटायचं, हा मान गाडीचा. अरे, पाठीवर भाल्यांचं शेत घेऊन फिरणाऱ्याला कोण 'अरे' म्हणेल? पण एवढी साधी गोष्ट त्यांच्या टाळक्यात शिरली नाही. मोटार घेतली की टाळकं अर्धं होतं, हे मी पाहिलंय.

टोकेराव गेले हुप्प्या वानराच्या गॅरेजात.

"मिस्त्री, गाडी पळत नाही हो."

"पळेल कशी? लठ्ठ झालीय. हलकी करू."

वानराने स्टेपनी काढली. जॅक काढला. शेजारची सीट काढली. दारं काढली, काचा काढल्या. पुढे टांगलेलं लिंबू काढलं.

"मिरच्या राहू देत?" टोकेराव म्हणाले.

"मिरचीला काय वजन नसतं?"

मिरच्याही गेल्या. मग वानराने तळाच्या पत्र्याला भोकं पाडली. भोकाला वजन नसतं, हा त्याचा स्वतःचा शोध. शेवटी तळाची चाळण झाली आणि वानर ब्रेककडे बघू लागला.

"हे कशाला ठेवलंय? थांबायला? थांबायचं असेल तर घरी बसा की!"

ब्रेक गेला. आता गाडीत काढण्यासारखं काही उरलं नाही. वानराची नजर टोकेरावांच्या पाठीवर गेली. त्याने पक्कड उचलली.

हे कळताच टोकेरावांची बायको सगुणा धावत आली.

"अहो, काटे काय गाडीचे पार्ट आहेत?"

"सगुणे, तुला रेसिंगमधलं काय कळतं?"

"रेसिंगमधलं नाही कळत. बिबट्यातलं कळतं."

पण ऐकतील तर ते नवरे कसले! टोकेरावांनी एकूण एक काटा उपटून घेतला. उकडलेल्या रताळ्यासारखे दिसू लागले. वर म्हणतात कसे, "वारा कसा छान लागतोय!"

शर्यतीचा दिवस उजाडला. गाड्यांचं वजन करायला हत्तीणबाई होत्या. ड्रायव्हरसकट गाडी सोंडेने उचलायची, डोळे मिटायचे आणि निकाल सांगायचा. त्यांनी टोकेरावांची गाडी उचलली आणि डोळे मिटायच्या आधीच म्हणाल्या, "बाद!"

"का?"

"नियमापेक्षा हलकी आहे. वजन भरा, नाहीतर शेवटचा नंबर धरा."

"आणि ब्रेक नाही, त्याचं काय?" गर्दीतून सगुणा ओरडली.

"ब्रेक नियमात नाही. वजन आहे."

टोकेरावांनी घाईघाईने गाडीत दगड टाकले. दगड भोकांतून खाली पडले. टोकेरावांना रडू फुटणार, तेवढ्यात बिबटेसाहेब जिभेने मिशा पुसत पुढे आले.

"वजन पाहिजे ना? मी बसतो शेजारी. सीट नसली तरी सांगाड्याच्या दांड्या धरून बसेन. सभासदासाठी अध्यक्षाने एवढंही करू नये?"

हत्तीणबाईंनी पुन्हा गाडी उचलली. वजन बरोब्बर भरलं. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. सगुणाने कपाळावर हात मारला.

शिट्टी झाली, गाड्या सुटल्या.

पहिल्या वळणावर बिबटेसाहेब कानाशी म्हणाले, "टोकेराव, आज किती गुळगुळीत दिसताय."

दुसऱ्या वळणावर म्हणाले, "टोक्या, कुठेतरी सावलीत थांबव. मला जेवताना धक्के आवडत नाहीत."

"थांबलो तर खाल?"

"खाईन."

"मग थांबतंय कोण!"

आणि टोकेरावांनी पाय असा दाबला की गाडीच्या अंगात वारं शिरलं. हरीण मागे पडलं. कोल्हा मागे पडला. सगळ्यांच्या पुढचा ससासुद्धा मागे पडला. आयुष्यात पहिल्यांदा टोकेराव पहिले होते आणि त्यांना त्याचा काडीचाही आनंद नव्हता.

शेवटचं वळण चिखलाच्या डबक्याशी होतं. टोकेरावांनी चाक गर्रकन फिरवलं. अध्यक्ष दारातून बाहेर गेले असं मी म्हटलं असतं, पण दार होतं कुठे? ते तसेच उडाले आणि डबक्यात डोक्यावर पडले. गाडीने रेषा ओलांडली आणि एका वारुळात घुसून थांबली.

"जिंकलो! सगुणे, जिंकलो!"

हत्तीणबाई आल्या. त्यांनी शांतपणे गाडी उचलली.

"बाद."

"आता काय झालं?"

"शर्यतीनंतरही वजन भरावं लागतं. एक बिबट्या कमी आहे."

"अहो बाई, तो बघा डबक्यात! शेपूट दिसतंय!"

"वजन गाडीत लागतं. डबक्यात नाही."

कप सशाला मिळाला. टोकेरावांचं नाव तिथल्या तिथे खोडलं. आणि डबक्यातून चिखलाचा एक गोळा गुरगुरत सरळ त्यांच्याकडे निघाला.

तेव्हा सगुणा मध्ये आली. तिने पाठ फिरवली आणि सगळे काटे उभे केले. खणखण वाजले.

गोळा थांबला. "मी आपला अभिनंदन करायला आलो होतो, वहिनी," म्हणाला आणि आंघोळीला निघून गेला.

सगुणाने नवऱ्याचा कान धरला. काटे नसल्यामुळे तो तिला पहिल्यांदाच नीट धरता आला. घरापर्यंत सोडला नाही.

तात्पर्य: बाळांनो, जे ओझं आपल्याला खायला टपलंय, ते कधी अर्ध्या वाटेत टाकू नये. त्याच्याच भीतीने आपण पहिले येतो. आधी कप घ्यावा, मग ओझं डबक्यात ढकलावं.