काखेतली राळ

आमचे शेजारी धर्माभावोजी काखेत राळेची गोळी धरून फिरत. देवळात, बाजारात, मयताला, कुठेही. एक हात अंगाला चिकटलेला, दुसऱ्याने नमस्कार. नव्या माणसाला वाटे, बिचाऱ्याच्या अंगावरून वारा गेला असेल.

वारा काही गेला नव्हता. अंगाच्या उबेने गोळी किती मऊ पडते ते त्यांना बघायचं असे. एकदा ती काखेतच वितळून बसली. त्यांची बायको चांगुणा कातर घेऊन अंगणात आली, तेव्हा अख्खा कोळीवाडा जमला.

"केसांसकट काढ," मी म्हटलं, "नायतर हातच काढ."

"हसा वयनी, हसा. तेल जास्त झालं, येवढं तरी कललं ना?"

मिठाचा सत्याग्रह झाला, त्याच्या मागच्यापुढच्या वर्षांतली ही गोष्ट. आम्ही थळचे. होडीच्या फळ्यांच्या सांधी कापसाने बुजवायच्या आणि वर राळ नि तेल कढवून लावायचं, हे इथे सगळेच करत. राळ जास्त पडली तर थंडीत तडकते, तेल जास्त झालं तर उन्हात ओघळते. बाकीचे अंदाजाने घालत आणि समुद्रात जात. गळलं तर पाणी उपसत. भावोजींना अंदाज चालत नसे.

"राल म्हंजे सासू, तेल म्हंजे सून," ते सांगत. "येक वरचढ झाली का घर फुटलं."

त्यांची म्हातारी आई तेव्हा जिवंत होती. ती फुंकणी फेकून मारी.

कधी उंडीच्या बियांचं तेल, कधी मुशी माशाचं, कधी मेण, कधी चिमूट चुना. गोळ्या पत्र्यावर उन्हात मांडायच्या आणि थंडीच्या पहाटे दगडावर आपटायच्या. त्या वासाने आमच्या घरात घास गिळवत नसे.

त्यांची होडी मात्र वाळूवरच. थोरला मुलगा दामा समुद्रात गेला तो परत आला नव्हता. उरला धाकटा पांडू. नारळी पौर्णिमा आली की तो विचारी, "बाबा, यंदा घालायची ना होडी पान्यात?"

"पौष जाऊ दे. थंडीत तडकतंय का बघू."

पौष गेला की म्हणत, "वैशाख जाऊ दे."

अशी वर्षं गेली. पांडूला मिशा आल्या. त्याचं लग्न ठरत आलं आणि मोडलं. मुलीच्या बापाने मला विचारलं, "पोरगा करतो काय?" मी खरं ते सांगितलं, "बापाच्या काखेकडं बघतो."

एक दिवस मी भावोजींना म्हटलं, "तुम्ही सुरवातीला आमच्या होडीला राळ लावून दिलीत, ती अजून धरून हाय. वितळली न्हाय, तडकली न्हाय. मंग रोज नवीन काय कढवता?"

त्यांनी आधी मागे वळून बघितलं.

"हलू बोला, वयनी. पांडू ऐकंल."

एवढंच बोलले आणि हंडीत तेल ओतायला लागले. मुद्दाम जास्त ओतत होते, ते मला तेव्हा दिसलं.

मी कुणाला सांगितलं नाही. पांडू तसाही थांबला नाही. त्याने परक्या मचव्यावर काम धरलं. मचवा जुना, सांधी उघड्या, मालक कंजूष. निघायच्या आदल्या दिवशी भावोजी हंडी घेऊन किनाऱ्यावर आले आणि भर दुपारी, सगळ्यांदेखत, त्या मचव्याच्या सांधी त्यांनी स्वतः भरल्या. वाळू पोळत होती. राळ जागची हलली नाही. पांडूने ती बोटाने दाबून बघितली.

"बाबा, ही कवा जमली?"

"काल."

पांडू त्यांच्याकडे बघत राहिला. दुसऱ्या दिवशी भरतीला मचवा गेला.

मचवा परत आला. तळाशी पाण्याचा थेंब नव्हता. पांडूही नव्हता. शीड उतरवताना लाटेने ओढून नेलं म्हणे.

मालकाला वाईट वाटलं होतं, नाही असं नाही. पण मचवा इतका कोरडा त्याने जन्मात पाहिला नव्हता. दिवसकार्य उरकल्यावर तो अंगणात आला, घुटमळला, आणि शेवटी त्याने विचारलंच, ती राळ कशी करायची. मी झाडू हातात घेतला.

भावोजींनी त्याला बसायला पाट दिला.

"राल दोन वाटं, तेल येक वाटा. मुशीचं, उंडीचं नको. चुना हंडी खाली उतरवल्यावर." काही न लपवता, सावकाश सांगत होते. मग म्हणाले, "ध्येनात ऱ्हायलं?"

तो मान हलवून उठायला लागला. भावोजींनी त्याचं मनगट धरून त्याला परत खाली बसवलं, आणि पुन्हा पहिल्यापासून सांगायला लागले.