चाळीस फूट भिंत आणि एकच नाक

"अहो पेंटर, सुरुवात कुठून करताय?" सासऱ्यांनी विचारलं.

सासरे त्याला पेंटरच म्हणत. लग्नाला सहा वर्षं झाली होती, पण 'जावईबापू' हा शब्द काही त्यांच्या तोंडून निघाला नव्हता. धाकटा जावई बँकेत खुर्चीवर बसून काम करायचा, त्याला तो शब्द दिवसातून दहा वेळा मिळायचा. जेवायला बसलं की, "जावईबापू, तुम्ही संकोच करू नका. पेंटर, ते भांडं जरा इकडे सरकवा." सासरे शाळेचे अध्यक्ष होते. शाळेची नवी भिंत रंगवायचं काम सासूबाईंनी हट्टाला पेटून थोरल्या जावयाला मिळवून दिलं होतं. हे काम झकास झालं की तो शब्द आपल्यालाही मिळेल, एवढीच त्या बिचाऱ्याची आशा होती.

भानगड होती विषयाची. विज्ञानाच्या बाईंना भिंतीवर उत्क्रांती हवी होती. मासा, सरडा, माकड आणि शेवटी माणूस. अध्यक्षांना हवा होता ढगांवर बसून माणूस घडवणारा देव. दोन सभा नुसत्या भांडणात गेल्या. शेवटी भिंतीची वाटणी झाली. डावीकडचे वीस फूट बाईंचे, उजवीकडचे वीस फूट देवाचे. भांडण मिटलं म्हणावं तर आता आधी कोणाचं काढायचं यावरून जुंपली.

"आधी देव! देवाच्या आधी कोण होतं?" सासरे गरजले.

"आधी मासा. मासे फार जुने आहेत, सर," बाई शांतपणे म्हणाल्या. त्या शांतपणाने सासरे आणखी भडकले.

पेंटरने सुवर्णमध्य काढला. भिंतीच्या दोन्ही टोकांकडून सुरुवात करायची. सकाळी मासा, दुपारी ढग. दोघंही खूश, आणि पेंटर दिवसभर या टोकापासून त्या टोकापर्यंत शिडी ओढतोय.

"पण तुमचं स्वतःचं मत काय हो?" संध्याकाळी त्याच्या दंडाला मलम चोळताना बायकोने विचारलं.

"मला काय कळतंय त्यातलं? पण मी साधी दुकानाची पाटी तरी एका दिवसात करतो का? आधी घासायचं, मग अस्तर मारायचं, ते वाळू द्यायचं, मग पहिला हात, मग दुसरा हात. म्हणून काय पाटी आपोआप झाली? केली मीच ना? देवानंही माणूस असाच सावकाश केला असेल. त्याचं अस्तर वाळायला लाखो वर्षं लागली असतील, एवढंच."

"अय्या, किती छान! हे बाबांना सांगा की."

"वेडी आहेस का? मला अजून जावई व्हायचंय."

आठवडाभर काम सुरळीत चाललं. मग एके दिवशी बाईंनी त्याला बाजूला घेतलं. "एक डायनोसॉर घाला ना. छोटासाच. मुलांना फार आवडतो." पेंटरचा स्वभाव भिडस्त. त्याने डायनोसॉर घातला, पण छोटा डायनोसॉर पालीसारखा दिसायला लागला, म्हणून मोठा केला. सासऱ्यांनी तो पाहिला आणि लगेच देवामागे सूर्य मागितला, मग चंद्र, मग तारे. तिकडे बाईंनी आणखी एक माकड वाढवलं. अशी दोन्हीकडून भिंत खात खात पेंटर मध्यावर आला, तेव्हा तीन फूट जागा उरली होती. आणि काढायची होती दोन माणसं, एक माकडापासून झालेला, एक देवाने घडवलेला. एकेकाला तीन फूट लागणार होते.

पेंटरने दोनदा मापं घेतली. टेप तीच, भिंत तीच, तीन फूट तेवढेच. शेवटी त्याने डोळे मिटून मधोमध एकच माणूस काढला. डावीकडून माकडं त्याच्याकडे चालत येताहेत, उजवीकडून देवाचा हात त्याच्या डोक्यावर. कोणी काही म्हणायच्या आत त्याने भिंतीवर पडदा टाकला.

आणखी एक गोष्ट होती, ती फक्त त्याला ठाऊक होती. पेंटर मुळात अक्षरांचा माणूस. चेहरा तो आयुष्यात एकदाच शिकला. लग्नाला होकार मिळावा म्हणून त्याने सासूसासऱ्यांच्या जोडीच्या फोटोवरून रंगीत चित्र काढलं होतं. अकरा महिने खपला, चाळीस वेळा पुसलं. होकार मिळाला, पण तेव्हापासून हाताला दुसरा चेहराच येईना. गावात न्हाव्याच्या, शिंप्याच्या, दातांच्या डॉक्टरच्या पाटीवर त्याने सासरेच काढले होते आणि त्यांना मिशा, गॉगल, टोप्या घालून झाकले होते. आता माकडाला गॉगल कसा घालायचा? आणि देवाला टोपी? म्हणून चेहरे त्याने अगदी शेवटी, पडद्याआडच भरले.

पालकसभेच्या दिवशी पडदा उघडला. टाळ्या झाल्या, आणि मग एकदम थांबल्या.

"माणूस एकच?" सासऱ्यांचा आवाज चढला. "हा कोणाचा? देवाचा की माकडाचा? बोला पेंटर!"

सगळे पालक बघताहेत, धाकटा जावई पहिल्या रांगेत बसलाय, आणि मागून बायको डोळ्यांनी खुणावतेय, सांगा, सांगा. तसं त्याने कपाळावरचा घाम पुसला आणि घासण्यापासून दुसऱ्या हातापर्यंत अस्तराचं सगळं एका दमात सांगून टाकलं. "म्हणजे दोघांचाही, बाबा," तो शेवटी पुटपुटला. "करणारा तो, आणि करायची पद्धत ही."

बाई विचार करून म्हणाल्या, "पुस्तकात असं लिहिलेलं नाही. पण माझी काही तक्रारही नाही." सासऱ्यांनी घसा खाकरला. त्यांचा चेहरा निवळतोय असं पेंटरला वाटलं, आणि नेमक्या त्याच वेळी सासूबाई चष्मा लावून भिंतीजवळ गेल्या.

"अगं बाई! हे तर हे आहेत!" त्या माकडावर बोट ठेवून ओरडल्या. "नाक बघा! ही डावी भुवई वर गेलेली बघा!"

सगळी सभा एकदम उठून भिंतीकडे धावली. कोणी माकडाकडे बघतोय, कोणी अध्यक्षांकडे. हसू आवरताना एका पालकाला ठसका लागला.

"पेंटर!" सासरे कडाडले. "आत्ताच्या आत्ता पुसा ते माकड!"

"पुसतो, बाबा."

"थांबा," बाई म्हणाल्या. "मग तो माणूसही पुसावा लागेल. तेच नाक आहे. आणि सर..." त्या जरा घुटमळल्या. "वर ढगांतही तेच आहे."

सासऱ्यांनी वर पाहिलं. पांढरी दाढी, मागे सूर्य, चंद्र, तारे, आणि मधोमध त्यांचंच नाक. त्यांच्या कानाच्या पाळ्या लाल झाल्या. त्यांनी नकळत स्वतःच्या नाकावरून हात फिरवला.

"हे राहू द्या," ते खालच्या आवाजात म्हणाले. "माकड तेवढं काढा."

"मुळीच काढायचं नाही!" सासूबाईंनी कमरेवर हात ठेवले. "चाळीस वर्षं बघतेय मी. सकाळी चहा मिळेपर्यंत हे असे." बोट माकडावर. "चहा पोटात गेला की असे." बोट माणसावर. "आणि सभेत माइक हातात आला की असे!" बोट थेट ढगांत. "तिघंही एकाच घरात राहतात आणि मी तिघांचंही करते. तुमच्या भिंतीला काय धाड भरली?"

मग जो हशा पिकला, तो काही थांबेना. बाई रुमालात तोंड लपवून हसल्या, धाकटा जावई पोट धरून खाली बसला, आणि शेवटी खुद्द अध्यक्षांचं पोट हलायला लागलं. हसता हसता त्यांनी डोळे पुसले आणि जाहीर केलं, "भिंत मंजूर! जशी आहे तशी!"

पालक पांगले. पेंटर शिडी आवरत होता, तेवढ्यात खांद्यावर हात पडला. सासरे होते. ते त्याला ओढत भिंतीच्या डाव्या टोकाला, पहिल्या माशापाशी घेऊन गेले. आजूबाजूला कोणी नाही असं बघून त्यांनी माशाच्या मोठ्या, वटारलेल्या डोळ्यांकडे बोट केलं.

"हे डोळे कोणाचे हो?"

पेंटरने पाहिलं आणि त्याचं धाबं दणाणलं. जोडीचा फोटो! हाताने पुन्हा दगा दिला होता.

"पुसू का, बाबा?"

"छे छे, अगदी हुबेहूब आलेत," सासरे कुजबुजले. मग मागे वळून सासूबाई किती लांब आहेत ते बघून घेतलं आणि त्याच्या हातात एक जुना काळा गॉगल कोंबला. "फक्त तिनं पुन्हा चष्मा लावायच्या आत हा रंगवून टाका, जावईबापू!"