मान्यवरांचा जिना

अकराला संस्थेचे अध्यक्ष येणार होते आणि पावणेअकराला इतिहासाच्या बाई धापा टाकत शाळेत शिरल्या. दोन्ही काखांत तक्त्यांच्या गुंडाळ्या, दोन्ही हातांत पिशव्या. साध्यासुध्या माणसांनी समान हक्क कसे मिळवले, हे सांगणारा त्यांचा शुक्रवारचा तास चालू ठेवायचा की बंद करायचा, ते आज ठरणार होतं. "ना मार्क, ना परीक्षा. मुलांच्या डोक्यात शिरतं तरी काय?" असं अध्यक्षांचं म्हणणं. चार वर्षं जीव ओतला होता बिचारीने त्या तासात. अध्यक्षांना उत्तर म्हणून बाईंनी वरच्या सभागृहात प्रदर्शन मांडलं होतं.

समोरच्या रुंद जिन्यापाशी बाई थबकल्या. भिंतीवर पाटी होती: 'हा जिना फक्त मान्यवरांसाठी. इतरांनी मागील जिन्याने जावे.'

"अगं बाई!" म्हणत त्या निमूट मागे वळल्या.

आता गंमत बघा. ही पाटी त्यांनीच रंगवून घेतली होती! पूर्वी माणसामाणसांत कसा भेद करायचे, हे दाखवायला एका जुन्या इमारतीतल्या पाटीची हुबेहूब नक्कल. लावायची होती वर, प्रदर्शनात. पण शिपाईमामांना जिन्यापाशी रिकामा खिळा दिसला आणि त्यांनी ती तिथेच अडकवली. मजकूर स्वतः सांगणाऱ्या बाईंच्याही ते ध्यानात येऊ नये? पाटी दिसली की पाय आपोआप वळतात, त्याला कोण काय करणार!

मागचा जिना लोखंडी, गोल गोल फिरणारा, एका वेळी एकच माणूस कसाबसा मावेल असा. वरून विज्ञानाचे सर हाडांचा सापळा मिठीत घेऊन उतरत होते. खालून खेळाचे सर चढत होते, आणि त्यांचा देह म्हणजे दीड माणूस. दोघांच्या मध्ये मुख्याध्यापक.

"सर, पोट आत घ्या!"

"हे आत घेतलेलंच आहे!"

"मग तो सापळा तरी मागे घ्या!"

"कसा घेणार? त्याचा हात माझ्या खिशात अडकलाय," मुख्याध्यापक कण्हले.

"पण सर, तुम्ही इकडून कसे?" बाईंनी खालून विचारलं. "तुम्ही तर मान्यवर."

"छे हो! मला वाटलं, पाटी अध्यक्षांसाठी आहे."

तेवढ्यात मागून कोणीतरी खाकरलं. बाई वळून बघतात तो साक्षात अध्यक्ष!

"साहेब, तुम्हीसुद्धा?"

"मला वाटलं, कोणी मंत्री येताहेत," अध्यक्ष ओशाळून म्हणाले.

तेव्हा कुठे बाईंच्या डोक्यात प्रकाश पडला आणि तोंडचं पाणी पळालं. "साहेब, ती पाटी... प्रदर्शनातली आहे. माझीच."

आता तास गेलाच, असं धरून बाई गुंडाळ्या सावरत उभ्या राहिल्या.

इतक्यात वरून पाचवीतल्या एका मुलीने डोकावून पाहिलं. "बाई, आम्ही कधीचे येऊन बसलोय. तुम्ही सगळे इथे काय करताय?"

"तुम्ही कुठून आलात गं?"

"समोरून."

अध्यक्षांनी मान वर केली. "पाटी नाही वाचलीस?"

"वाचली की. मान्यवरांसाठी आहे."

"मग?"

"मग आलो!" मुलीला त्यांची जरा कीवच आली असावी. "प्रत्येक माणसाचा मान सारखा, असं बाईंनी शिकवलंय. म्हणजे आम्ही मान्यवरच ना? ते 'इतर' म्हणजे कोण, हे आम्ही थांबून शोधलंसुद्धा. कोणी सापडलंच नाही."

चार वर्षं जे बाई तोंडाने सांगत होत्या, ते या पोरांनी चालून दाखवलं होतं, आणि त्या स्वतः मात्र अजून मागच्या जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर उभ्या होत्या. डोळे भरून आले, पण पुसायला हात मोकळा नव्हता.

अध्यक्ष हळूच म्हणाले, "बाई, तास चालू ठेवा. आणि पुढच्या शुक्रवारी मलाही बसू द्या. मागच्या बाकावर का होईना."

"मागच्या का?" मुलीने विचारलं.

अध्यक्ष वळले आणि समोरच्या जिन्याकडे चालू लागले.