उदाहरणाआधी दार वाजवा

आमच्या बिल्डिंगमध्ये घरतकाकांसमोर कोणी 'फॉर एक्झाम्पल' म्हणत नाही. म्हणून बघावं एकदा! मागे सोसायटीच्या मीटिंगमध्ये चेअरमन पाण्याच्या टाकीवर तावातावानं बोलत होते. मागच्या खुर्चीवरून काका उठले आणि शांतपणे म्हणाले, "साहेब, 'फॉर एक्झाम्पल' नवव्यांदा झालं. मधे एखादं 'फॉर इन्स्टन्स' घाला की. तोंडाला चव येईल." चेअरमन लालबुंद झाले, आम्ही हसून बेजार झालो आणि टाकी तशीच गळत राहिली.

दत्ताराम घरत मूळचे जवळच्याच गव्हाण गावचे. आता नवीन पनवेलला आमच्या तळमजल्यावर एकटेच राहतात. एका कचेरीत इंग्रजी पत्रं टाइप करण्यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर त्यांना म्हणे साक्षात्कार झाला, की लोकांचं इंग्रजी कुठे अडत असेल तर उदाहरण द्यायच्या जागी. व्याकरण विचारलं तर "ते पुस्तकात आहे" म्हणून वाटेला लावतील. पण उदाहरणाआधी कुठला शब्द लावायचा एवढं विचारा, चहा गार होतो.

"उदाहरण म्हणजे पाहुणा," ते सांगतात. "आधी दार वाजवायचं, मग आत यायचं. एकदम स्वयंपाकघरात घुसायचं नाही." आणि दारं तरी किती! 'सच ॲज' म्हटलं की मागून यादी यायला हवी, भाजीवाला टोपलीतलं सांगतो तशी. 'से' म्हणजे आपलं 'समजा', ते हलक्या हातानं टाकायचं. 'लाइक' मैत्रिणींत चालेल, साहेबापुढे नको. 'टेक' म्हणायचं ते समोरच्याच्या हातात काहीतरी ठेवल्यासारखं. बरं, हे ज्ञान ते लिफ्टची वाट बघणाऱ्या कुणालाही देतात. कुरियरवालासुद्धा आता पार्सल गेटवरच ठेवून पळतो.

मला हे वेड परवडणारं नव्हतं, पण गरज माझी होती. मी स्टेशनजवळच्या एका रक्त-लघवी तपासणाऱ्या लॅबमध्ये काउंटरवर बसते. नवऱ्याची कंपनी गुजरातला गेली, हा गेला नाही, आणि घर माझ्या पगारावर आलं. त्यात आमच्या लॅबमध्ये मॅनेजरची जागा निघाली. मुलाखत इंग्रजीत होणार होती आणि घेणारे मुंबईहून येणार होते. ती जागा हुकली तर लेकीची शाळा बदलावी लागणार होती. घरात हे सगळ्यांना ठाऊक होतं, बोलत कोणी नव्हतं.

मग काय, अडला हरी! रोज संध्याकाळी मी काकांसमोर जाऊन बसू लागले. पहिल्याच दिवशी मी पाठ केलेलं धडाधड म्हणून दाखवलं, की मी फार जबाबदार आहे, फॉर एक्झाम्पल, परदेशातल्या एका प्रोजेक्टमध्ये आमच्या टीमनं अमुक केलं.

"हे उदाहरण कुणाचं?" काकांनी विचारलं.

"मोबाईलवरच्या व्हिडिओतलं."

"मग त्या व्हिडिओतल्या बाईलाच धाड मुलाखतीला. तू कशाला रजा काढतेस?"

मला राग पटकन येतो. मी ताडकन उठून घरी आले. दुसऱ्या दिवशी पुन्हा गेले, जाते कुठे! काकांनी काहीच घडलं नसल्यासारखं खुर्ची सरकवली. असे सहा आठवडे गेले. रिपोर्टला उशीर झाला म्हणून ओरडणारे एक आजोबा होते, त्यांना मी कसं शांत केलं, ते उदाहरण आम्ही इतकं घोटलं की ते आजोबा माझ्या स्वप्नात इंग्रजी बोलायला लागले.

मुलाखतीचा दिवस आला. समोर तिघं बसले होते. त्यांनी विचारलं, त्रासलेल्या माणसाशी कसं वागायचं हे तुम्ही कुठे शिकलात? आणि देवा रे, पाटी कोरी! आजोबा गायब, सहा आठवडे गायब. माझ्या डोळ्यांसमोर लेकीचा गणवेश आला. मग तोंडातून आपोआप निघालं, "टेक माय नेबर."

मोडक्यातोडक्या इंग्रजीत मी सांगत सुटले. माझे शेजारी निवृत्त टायपिस्ट आहेत. एकच वाक्य मी वीस वेळा चुकले तरी त्यांचा आवाज एकदाही चढला नाही. एकदा मी वही भिरकावली, तर त्यांनी ती उचलली, पानं सरळ केली आणि विचारलं, भूक लागलीय का? माझ्या काउंटरवर माणसं घाबरलेली येतात. शेजारी माझ्याशी वागतात तसं मी त्या माणसांशी वागायला बघते. एवढंच.

जागा मला मिळाली. जीव भांड्यात पडला. पेढे घेऊन मी आधी तळमजल्यावर गेले.

"उदाहरण कुठलं दिलंस?" काकांनी पेढा हातात घेत विचारलं.

"तुमचं."

"माझं? कसलं?"

मी सगळं सांगितलं. काकांनी चष्मा काढला, पुसला आणि तसाच हातात धरून बसले. मग बोलले ते एकदम गव्हाणचं बोलणं. मी ते त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच ऐकत होते.

"गावाला पन माझा उदाहरण देतात. माझे भाव शिकले नाय. शेतजमिनी धरून रायले, आता तिथं त्यांच्या बिल्डिंगी हायेत. मी शिकलो, कारकून झालो. पोरं अभ्यासाला बसली का आमच्या घरातले हसून बोलतात, जास्ती शिकू नको, दत्तूकाकासारका होशील."

मला वाईट वाटलं, आणि त्या न बघितलेल्या भावांचा संतापही आला.

"आठ वर्सं झाली, मी लग्नाकार्याला जात नाय," काका म्हणाले. "रविवारी पुतन्याची हळद हाय. सगला गाव आसंल." पेढा अजून हातातच होता. "तू येशील माझ्याबरोबर? आता बोललीस ना, ता तिथं बोलशील?"

"येते की! आणि चांगली मोठ्यानं सांगते."

"पन मराठीत सांग, पोरी," काका म्हणाले. "त्यांना इंग्रजी नाय समजत."