कारभारी अण्णांची उगवण चाचणी

वर्गाच्या पहिल्या सोमवारी, सकाळी साडेअकराच्या सुमारास, कारभारी म्हसे यांनी चॅटबॉटला एकच प्रश्न चार वेळा विचारला. चारही उत्तरं लाल कापडी पुठ्ठ्याच्या रजिस्टरमध्ये उतरवून घेतली, पट्टी धरून ओळीला ओळ ताडून पाहिली आणि खाली शेरा लिहिला : 'चारपैकी चार. बियाणे योग्य.'

प्रश्न होता, 'प्रोग्राम म्हणजे काय?'

राहुरीत औषधांच्या एका दुकानाच्या वरच्या मजल्यावर हा प्रोग्रामिंगचा वर्ग भरतो. वेळ अकरा ते दीड. विद्यार्थी बहुतेक विशीतले. अण्णा त्रेसष्ट वर्षांचे. नगरच्या एका दैनिकाचा बातमीदार म्हणून मला कार्यालयानं शिकायला धाडलं होतं, आणि माझी खुर्ची अण्णांच्या शेजारी होती. त्यामुळे पुढचं बरंचसं मी स्वतः पाहिलेलं आहे.

अण्णांची नोकरी बियाणं तपासणाऱ्या एका प्रयोगशाळेत झाली. एका पोत्यातून चारशे दाणे मोजून घ्यायचे, शंभर-शंभरचे चार वाटे करायचे, ओल्या कागदात गुंडाळायचे आणि ठरलेल्या दिवशी उलगडून किती उगवले ते मोजायचं. एका वाट्यावर विश्वास ठेवायचा नाही. हे काम त्यांनी चौतीस वर्षं केलं. निवृत्तीनंतर दाणे संपले, पद्धत राहिली.

वर्गाच्या शिक्षिका प्रणाली मॅडम यांनी चॅटबॉट वापरायला पहिल्याच दिवशी परवानगी दिली होती. अट एकच. "त्याला विचारा, त्याच्याकडून शिका. पण तुमच्या प्रोग्राममधली जी ओळ तुम्हाला समजावून सांगता येणार नाही, ती तुमची नाही."

अण्णा चॅटबॉटला 'पाव्हणं' म्हणत. सुरुवात 'राम राम पाव्हणं' अशी टाइप करून होई. मग प्रश्न. मग तोच प्रश्न आणखी तीनदा, दर वेळी नवी खिडकी उघडून. "जुन्या खिडकीत इचारलं तर त्याला आधीचं आठवतं. नमुना स्वच्छ पायजे," हे त्यांचं कारण. प्रयोगशाळेतलेच शब्द रजिस्टरमध्ये आले होते. बरोबर उत्तर म्हणजे 'सुदृढ रोप'. अर्धवट उत्तर म्हणजे 'विकृत रोप'. जे उत्तर अण्णांना कळत नसे, त्यापुढे 'कठीण बी' असा शेरा असे.

"कठीण म्हंजी मेलेलं न्हवं," त्यांनी मला सांगितलं. "जितं हाय. उगवायला येळ लागंल."

पोरं दार उघडताच विचारत, "अण्णा, आज किती उगवलं?"

दुसऱ्या आठवड्यात हसणं थांबलं. पाढा छापणारा प्रोग्राम लिहायचा होता. अण्णांनी चार उत्तरं घेतली. तीन प्रोग्राम दहापर्यंत गेले, एक 'बे नव्वे अठरा' वर थांबला. अण्णांनी शेरा लिहिला : 'चारपैकी तीन. नमुना नापास.' त्या दिवशी वर्गातल्या पाच जणांचा पाढा नव्वेवरच संपला होता. त्यांनी एकदाच विचारलं होतं, आणि आलेलं उत्तर न वाचता चिकटवलं होतं.

"तुमच्या पोत्यात माती निघाली," अण्णा एवढंच म्हणाले.

मात्र सराव परीक्षेत अण्णाच नापास झाले. एका प्रश्नासाठी त्यांनी चार प्रोग्राम दिले होते.

"अण्णा, मला एक उत्तर हवंय," मॅडम म्हणाल्या.

"एक कसं देऊ मॅडम? एकावर सही करायची सवय न्हाई मला."

"शेवटच्या परीक्षेला एकच द्या. पुन्हा नापास झालात तर पुढच्या वर्गात नाव घेता येणार नाही. नियम आहे."

बाहेर जिन्यात अण्णा पायांत चपला सरकवत होते. मी म्हणालो, "एवढं काय मनावर घेता? नोकरी थोडीच करायचीय?"

"नोकरीचं न्हाई वो. वर्ग सुटला तर दुपारचं जाऊ कुठं?"

चॅटबॉटची उत्तरं बहुधा एकाच वाक्यानं संपत : 'आणखी काही मदत करू का?' वर्गात त्या वाक्याला कोणी उत्तर देत नसे. अण्णा देत. 'आता नको. तुम्ही जेवून घ्या.'

"अण्णा, ते जेवत नसतंय!" मागच्या बाकावरची सायली ओरडली.

"इचारायला काय जातं?"

एकदा पडद्यावर उलट उत्तर आलं : 'मी जेवत नाही, पण विचारल्याबद्दल आभार. तुम्ही जेवलात का?'

अण्णांनी ते वाचलं. रजिस्टरमध्ये उतरवून घेतलं नाही. तो प्रश्न त्यांनी चारदा तपासलाही नाही. लॅपटॉप बंद केला आणि त्या दिवशी अर्धा तास आधी घरी गेले.

शेवटची परीक्षा तोंडी होती. आपल्या मनाचा एक प्रोग्राम करायचा आणि ओळीन् ओळ समजावून सांगायची. बारा पन्नासला अण्णांचा नंबर लागला.

"चालवून दाखवा," मॅडम म्हणाल्या.

"एकला चालतो, मॅडम. धा मिंटं हायेत."

पोरं हसली. मॅडमनी तोवर कोड वाचायला घेतला. प्रोग्राम छोटा होता. दुपारी एकला तो 'जेवलात का?' असं विचारतो, उत्तराची वाट पाहतो आणि पुन्हा तेच विचारतो. एकूण चार वेळा.

"अण्णा, पहिल्यांदाच 'हो' म्हटलं तर थांबायला हवं ना?"

"पाव्हणंबी तेच म्हनले. चारदा इचारलं, चारीदा तेच."

"मग?"

"ह्यात पाव्हण्याला कळत न्हाई."

"पण पहिली तीन उत्तरं प्रोग्राम वाचतसुद्धा नाही. घेतो आणि सोडून देतो. ही चूक धरावी लागेल."

"चूक न्हाई. पहिली तीन खोटी असत्यात."

"कोणाची?"

"माजी," अण्णा म्हणाले. "घरची चारदा इचारायची. तीनदा मी जेवलो म्हनायचो, पेपर न्हाईतर रेडिओ सोडवत नसायचा. चवथ्यांदा ताटावर बसायचो. दोन वर्सं झाली तिला जाऊन. आता एकदाबी कोन इचारत न्हाई, मग राहूनच जातं."

मॅडमनी एकेका ओळीवर बोट ठेवलं, अण्णांनी एकेक ओळ सांगितली. कुठंही अडले नाहीत.

एक वाजला. पडद्यावर अक्षरं आली : 'जेवलात का?'

अण्णांनी टाइप केलं, 'हो.'

'जेवलात का?'

'हो.'

'जेवलात का?'

'हो म्हटलं ना.'

'जेवलात का?'

'नाही.'

पडद्यावर शेवटची ओळ उमटली : 'मग उठा. भाकरी डब्यात हाय, कालवण वतून घ्या.' प्रोग्राम थांबला.

"ही ओळ चॅटबॉटनं दिली?" मॅडमनी विचारलं.

"न्हाई. ती तिची."

मॅडमनी कागदावर लिहिलेला 'चूक' हा शब्द खोडला आणि पुढच्या रकान्यात 'उत्तीर्ण' लिहून सही केली.

वर्गात डबा उघडायला मनाई आहे, तशी पाटी भिंतीवर लावलेली आहे. एक वाजून सहा मिनिटांनी कारभारी अण्णांनी खिडकीजवळच्या बाकावर डबा उघडला.